तुम्ही विचारलंत म्हणून: बापाचं एवढं का करता?

"सर, ज्या बापाने तुम्हाला असं वागवलं त्याचं तुम्ही एवढं करता, केवढं पुण्य पडत असेल पदरात." हे मेडिकलच्या दुकानात, डायपरचं पॅकेट घेताना. लग्नाच्या पंगतीत हेच, बॅच सुटल्यावर चटया गोळा करतानाही हेच. आत्या म्हणते तुमचं काहीतरी मागचं देणंघेणं असणार, मागल्या जन्मी तूच त्याला मारलं असशील, आता फिटतंय. आणि वर्गातली तरुण पोरं जरा वेगळ्या वाटेने तिथेच येतात, सर तुम्ही योगसूत्रं शिकवता, मग सांगा ना, आज चांगलं वागल्याने पुढचं कर्म खरंच बदलतं का, आणि बदलत असेल तर अण्णांना जे झालंय ती त्यांच्या कर्माचीच शिक्षा ना?

इतकी वर्षं मी "चालायचंच" म्हणून पुढे सटकायचो. पण परवा आत्याने तेच वाक्य अण्णांच्या पलंगाशेजारी बसून म्हटलं, त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, आणि मग मला राहवेना. एकदाच सगळं लिहितो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, कसे होते ते आमच्या आळीला माहितीये, ते परत सांगत बसत नाही. आता डावी बाजू गेलीये, जीभ जड झालीये, कधी माणसं ओळखतात कधी नाही. उजवा हात मात्र शाबूत आहे.

आधी आत्याचं उत्तर. योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात, म्हणजे दुसऱ्या भागात, पतंजली म्हणतात की कर्माचा जो साठा मागे राहतो त्याची फळं जन्म, आयुष्य आणि भोग अशी मिळतात, जात्यायुर्भोगाः. म्हणजे मी या घरात का जन्मलो याला मागचं काही कारण असेलही, मी नाही म्हणत नाही. पण त्याच सूत्रावर लिहिताना सूत्रांचे भाष्यकार व्यास भाष्याच्या शेवटी काय म्हणतात ते कुणी वाचत नाही. कुठलं कर्म कुठे, कधी, कशाच्या निमित्ताने पिकेल हे ठरवता येत नाही म्हणून कर्माची गती विचित्र आहे, दुर्विज्ञान म्हणजे कळायला कठीण आहे. हे कोण म्हणतंय, तर ज्याने कर्माचा सगळ्यात बारीक हिशोब मांडलाय तो माणूस! तिसऱ्या पादात संस्कारांचा, म्हणजे चित्तावर उमटलेल्या ठशांचा, साक्षात्कार झालेल्या योग्याला पूर्वजन्माचं ज्ञान होतं असं आहे खरं. मला ते झालेलं नाही आणि मला मागचा जन्म सांगणाऱ्या कुणाला झालंय असंही मला आजवर दिसलं नाही. मग सात वर्षांचं पोरगं मार खातंय त्याला तुझंच मागचं असेल असं कुठल्या अधिकाराने सांगायचं? मला हे लहानपणीही सांगितलेलं आहे. मारापेक्षा ते जास्त लागलं होतं, कारण माराला निदान अण्णा जबाबदार होते.

आता पोरांचं. अण्णांचा लकवा ही शिक्षा का. खरं सांगतो, हा विचार मला गोड वाटलेला आहे, आणि शास्त्रात त्याला आधार सापडतो हे जास्त वाईट. व्यास म्हणतात की घाबरलेल्या, आजारी, दीनवाण्या किंवा विश्वासाने जवळ आलेल्या माणसाला, नाहीतर तपस्व्याला, तीव्र क्लेशाच्या, म्हणजे आसक्ती-द्वेषासारख्या मनातल्या विकारांच्या, भरात पुन्हा पुन्हा दुखवलं तर ते कर्म लगेच, याच जन्मात पिकतं. नहुषाचं उदाहरण देतात, इंद्रपदावरून खाली साप होऊन पडला तो. मी ते पहिल्यांदा नीट वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बसलो होतो. घाबरलेले आणि विश्वासाने जवळ आलेले, म्हणजे मी आणि ताईच की. पण मग तोच न्याय मला लावा. अण्णांचं आजारपण बघून त्यांचं पाप ठरवायचं असेल तर माझा मार बघून माझंही पाप ठरवावं लागेल, मग आत्याचं बरोबर. दोन्ही एकदम टाकायला हवं, सोयीचं तेवढं ठेवता येत नाही. अण्णांचं बीपी वर्षानुवर्षं वाढलेलं होतं, गोळ्या घ्यायचे नाहीत, तंबाखू आणि दारू दोन्ही. याच जन्मातलं, डोळ्यांदेखत घडलेलं कर्म तेवढं मला बोलता येतं.

आता पुण्याचं, आणि इथेच ती गोष्ट सांगायला लागणार जी मी कुणाला सांगितलेली नाही.

गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. दिवसभर लाइट येत-जात होती, एअर मॅट्रेसचा पंप बंद पडायचा आणि मी दर वेळी हाताने त्यांची कूस बदलत होतो, दोन-दोन तासांनी बदलावीच लागते नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्रीला मदतीला येणारा माणूस तेव्हा नव्हता. मी पेज भरवत होतो, पातळ केलेली, मीठ-तूप घालून, उशी मागे लावून त्यांना बसवलेलं, कारण आडवं असताना भरवलं तर ठसका लागतो. चार-पाच चमचे गेले. मग त्यांनी तोंड फिरवलं, मी चमचा पुढे केला, आणि उजव्या हाताचा फटका वाटीवर आणि उरलेला माझ्या कानाखाली. जोर फार नव्हता. पेज चादरीवर, माझ्या शर्टावर, आणि ते एक शिवी बोलले. सगळे शब्द हल्ली अर्धे येतात पण ती शिवी पूर्ण आली, आईवरची, तीच, जुनी.

माझा हात वर गेला. गेला म्हणजे मी उचलला, उगाच आपोआप गेला असं कशाला म्हणू. चमचा त्याच हातात होता. आणि त्या क्षणी मला भीती नाही वाटली, लाज नाही वाटली, मला बरं वाटलं. पोटापासून वर काहीतरी मोकळं होत आल्यासारखं. आता हा माणूस काहीही करू शकत नाही हे मला कळलं आणि ते कळणं गोड होतं.

अण्णांनी उजवा हात कोपरात वाकवून तोंडासमोर धरला आणि मान खांद्यात घेतली. डावा हात मांडीवर तसाच पडलेला.

हात खाली आणला. कसा आणला ते मला आजही नीट सांगता येत नाही. मला दया आली असं तुम्हाला ऐकायला आवडेल पण दया नव्हती आलेली. यम-नियम आठवले असंही नाही. मला एवढंच दिसलं की घाबरलेला, आजारी, दीनवाणा आणि मी भरवेन म्हणून तोंड उघडणारा असा एकच माणूस माझ्यासमोर बसलाय, आणि हात वर गेलेला माणूस मी आहे. मग चादर काढली, त्यांचा सदरा बदलला, गळ्याखालची पेज गार व्हायच्या आत ओल्या फडक्याने पुसली. ते सगळा वेळ माझ्या हाताकडे बघत होते. मी परत पेज केली. खाल्ली त्यांनी.

तुम्ही म्हणाल मारलं नाही ना, मग झालं. नाही झालं, आणि हाच माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा आहे. त्यानंतर कितीतरी दिवस भरवताना त्यांनी नुसतं तोंड फिरवलं तरी माझ्या मनगटात ते चाळवायचं. ते बरं वाटणं परत हवं होतं. सूत्रात म्हटलंय की सुखाच्या मागोमाग येतो तो राग, म्हणजे आसक्ती, आणि दुःखाच्या मागोमाग येतो तो द्वेष. मला दोन्ही एका हातात भेटले. लहानपणच्या दुःखाने हात वर नेला आणि वर नेण्यातल्या सुखाने तो परत मागितला. व्यास पहिल्या पादात सांगतात की वृत्तींनी, म्हणजे मनात उठणाऱ्या तरंगांनी, संस्कार होतात आणि संस्कारांतून वृत्ती उठतात, हे चक्र रात्रंदिवस फिरत असतं. पुढचं कर्म म्हणजे पुढच्या जन्मीचं काहीतरी, असं मीही फळ्यावर तीन गोल काढून शिकवायचो, संचित, प्रारब्ध, क्रियमाण, म्हणजे साठलेलं, भोगायला लागलेलं आणि आत्ता घडणारं. ते तीन शब्द वेदान्ताच्या वाटेने आलेत, पतंजलींच्या सूत्रांत ते नाहीत, तिथे बोलणं आहे चित्तात काय उरतं याचं. आज मी जे करतो आणि ज्या भावनेने करतो ते उद्या मला काय करावंसं वाटेल ते ठरवतं. पुढच्या जन्माचा प्रश्न मी मोडीत काढत नाही, पण माझ्यासाठी पुढचं कर्म म्हणजे उद्या सकाळची पेज.

म्हणून पुण्य पदरात पडतंय म्हटलं की मला चिडायला होतं. सत्कर्माने सुख मिळतं हे सूत्रात आहेच, पण त्याच्या दोन सूत्रं आधी हेही आहे की कर्माशय, म्हणजे कर्माचा तो साठा, मुळातच क्लेशांतून येतो, पुण्याचाही. व्यासांनी साळीचा दाखला दिलाय, तूस असेल आणि दाणा भाजलेला नसेल तोवर तो उगवतो, तूस काढलं किंवा भाजलं की नाही उगवत. तूस म्हणजे क्लेश. आता मी अण्णांची पाठ पुसताना मनात पुण्य मोजत असेन तर तो लोभ झाला, बघा तुम्ही कसे होतात आणि मी कसा आहे असं मनात म्हणत असेन तर तो द्वेषच झाला, फक्त हातात फडकं आहे. आणि मी हे दोन्ही केलेलं आहे. चौथ्या पादात कर्माचे चार प्रकार येतात, काळं, पांढरं-काळं, पांढरं आणि योग्याचं ना पांढरं ना काळं. व्यास म्हणतात बाहेरच्या साधनांनी जे काही आपण करतो ते पांढरं-काळं, कारण त्यात कुणाचं भलं होतं आणि कुणाला दुखतंच. हे मला फिजिओथेरपीने समजावलं. डावं कोपर रोज सरळ करावं लागतं, नाहीतर आखडून बसेल, आणि ते करताना अण्णा ओरडतात. भलं आणि दुखवणं एकाच हालचालीत. त्यातही एखाद्या दिवशी मी हवं त्यापेक्षा जरा जास्त ताणलं का, हे मला माहीत असतं, बाहेरून कुणाला कळणार नाही.

आणि हात उगारणं सोडा, रात्रीच्या त्या माणसाबद्दल सांगतो. तो अण्णांवर खेकसायचा आणि मी स्वयंपाकघरात ऐकत उभा असायचो. हिंसा केलेली, करवलेली आणि अनुमोदन दिलेली अशी तिन्ही प्रकारची असते, लोभाने, क्रोधाने, मोहाने, सौम्य-मध्यम-तीव्र, व्यास ती मोजत मोजत 81 पर्यंत नेतात. पाठ करताना मला ही मोजदाद कंटाळवाणी वाटायची. आता वाटतं मोजणारा माणूस कधीतरी अशाच एखाद्या स्वयंपाकघरात उभा राहिला असणार. त्या रात्रीच्या माणसाला मी शेवटी बोललो, मग त्याने काम सोडलं, म्हणून त्या पावसात तो नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एवढं सगळं कळतं तर प्रतिपक्षभावना करा की, वाईट विचार उठला की त्याच्या उलट विचार धरायचा, सूत्रातच उपाय आहे. करतो. रोज भरवायला बसण्याआधी दार लावून दोन मिनिटं बसतो आणि स्वतःला सांगतो की हिंसेचं फळ दुःख आणि अज्ञान आहे, न संपणारं. कधी लागू पडतं. कधी मी फक्त शांत दिसतो. दीर्घकाळ, खंड न पाडता आणि आदराने केलेला अभ्यास पक्का होतो म्हणतात, दीर्घकाळ आणि अखंड हे मला जमतं, आदराचं काय करू? ज्याच्याबद्दल आदर नाही त्याची सेवा करताना आदर निदान सेवेबद्दल असला तर चालतो का? मला वाटतं चालत असावा. आमच्या वर्गातले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणतात नाही चालत. आमचा वाद अजून सुरू आहे.

"हेयं दुःखमनागतम्", जे अजून आलेलं नाही ते दुःख टाळायचं. मागचं भोगून संपलं म्हणून ते टाळायच्या यादीत नाही, असं भाष्य सांगतं. पूर्वीचा मी हे वाक्य फार जोरात सांगायचो, झालं ते झालं, संपलं. त्या पूर्वीच्या मला आज विचारावंसं वाटतं, संपलं तर हात कुठून आला? त्याच्याकडे उत्तर तयार असतं, तो म्हणेल मार संपला, संस्कार राहिला, लगेच आधीच्याच सूत्रात संस्कारदुःख वेगळं सांगितलंय. बरोबर आहे त्याचं. पण ते बरोबर असून मला काही मिटल्यासारखं वाटत नाही, आणि त्याला त्या दिवशी चमचा धरायला लागला नव्हता.

ताईबद्दलही विचारता म्हणून. ती येत नाही, फोनवर माझ्याशी बोलते, अण्णांना द्या म्हणत नाही. लोक म्हणतात तिला पाप लागेल. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा, पतंजलींनी चारी सांगितल्यात, आणि वाईट वागलेल्याच्या बाबतीत त्यांनी उपेक्षाच, म्हणजे अलिप्त राहणंच, सांगितलीय, सेवा नाही. ताईने ती निवडली. तिच्या दोन्ही मुलांना तिने कधी साधी चापट मारलेली मी बघितलेली नाही, आणि आमच्या घरात वाढून हे करायला काय लागलं असेल ते मला माहीत आहे. कुणाचं कर्म पांढरं हे मला ठरवायला सांगितलं तर मी तिचं नाव आधी घेईन. मी इथे आहे कारण मला इथे राहता येतं, आणि मी गेलो तर त्या हाताचं पुढे काय झालं हे मला कधीच कळणार नाही. हे कारण पुरेसं आहे की नाही ते सांगता येत नाही.

तर तिला विचारणं बंद करा. तिला फोन करून भाऊ बघ किती करतो म्हणणंही बंद करा. आणि अण्णांच्या खोलीत बसून त्यांच्या कर्माविषयी कुणी बोलू नका, त्यांना समजत नसेल असं धरून चालू नका. मला विचारायचं असेल ते खुशाल विचारा, सकाळची बॅच साडेसातला सुटते, अण्णांच्या चहाची वेळ आठची, मधला वेळ आहे.