उन्हाळ्यात वाडी-खिद्रापूरला पोरांसोबत जाताय?

मे महिन्यात पुण्याहून नणंद आणि तिची मुलं आली की आमच्याकडे नृसिंहवाडी ठरलेलीच. कोल्हापुरातून सकाळी लवकर निघालो, जयसिंगपूर-शिरोळमार्गे ऊन चढायच्या आत घाटावर पोचलो. पौर्णिमा आणि गुरुवार टाळूनच गेलो होतो. गर्दीत पोरांवर नजर ठेवणं कठीण जातं, म्हणून तुम्हीही तेच करा.

कृष्णा आणि पंचगंगेचा इथला संगम उन्हाळ्यात एकदम शांत दिसतो. फसायला होतं ते इथंच. आपल्या जिल्ह्यात जागोजागी कोल्हापुरी बंधारे आहेत. उन्हाळ्यात त्यांना बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, त्यामुळे वरच्या बाजूला पाणी तुंबून खोल होतं. वरच्या धरणातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलं की पातळी आणखी वाढते. त्यामुळे मागच्या वेळी गुडघाभर होतं म्हणून आताही तेवढंच असेल, असं धरून चालू नका. बंधाऱ्याच्या खालची बाजू तर अजून वाईट. पडणाऱ्या पाण्यानं तळ खरवडून खड्डे झालेले असतात आणि पाणी माणसाला आत फिरवत ठेवतं. बरग्यांवरून चालत जाणारी, तिथून उड्या टाकणारी पोरं दिसली की माझ्या पोटात गोळा येतो. आपल्या पोरांना तिकडं फिरकू देऊ नका.

घाटावर दगड तापले की मुलं पाय भाजतात म्हणून पळत सुटतात ती थेट पाण्यात. पाण्याखालच्या पायरीवर मात्र हिरवं शेवाळ असतं, आणि शेवटची पायरी संपते तिथं पुढं काय आहे ते वरून दिसत नाही. म्हणून पोरांच्या चपला काढू दिल्या नाहीत, आणि धाकट्याला दिराच्या हाताच्या अंतरातच ठेवलं. सासूबाईंना संगमाचं स्नान करायचं होतं. ओला पदर पायात अडकतो, त्यामुळे त्यांनी वरच्या पायरीवर बसून तांब्यानं अंघोळ केली. पुण्य काही कमी झालं नाही.

सगळ्यात कामाला आलं ते राखणीचं ठरवणं. दहा मोठी माणसं सोबत असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून एकजण फक्त पाण्याकडं बघणार, मोबाइल पिशवीत, गप्पा बंद, आणि थोड्या वेळानं पाळी बदलायची. बुडणारं माणूस ओरडत नाही, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. तोंड पाण्याखाली-वर होत असतं, आवाज फुटत नाही. मिनिटभरात सगळं होऊन जातं. स्विमिंग पूलमध्ये छान पोहणाऱ्या माझ्या भाचीलाही मी काठालाच थांबवलं. पूलचा तळ सपाट असतो, नदीचा नसतो.

गाडीत लांब दोर आणि झाकण घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन ठेवा. कुणी बुडत असेल तर मागोमाग उडी मारू नका, दोर किंवा कॅन फेका, आरडाओरडा करून नावाड्यांना बोलवा. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर पोट दाबत किंवा उलटं टांगत वेळ घालवू नका. कडक जागेवर उताणं झोपवा, नाक धरून तोंडानं दोन श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर जोरात, भराभर तीस दाब, परत दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्या कुणाला तरी १०८ किंवा ११२ लावायला सांगा. माणूस शुद्धीवर आलं तरी दवाखान्यात न्यायचंच.

नावेत बसायचं असेल तर लाइफ जॅकेट अंगात घालूनच, मांडीवर घेऊन नव्हे. पोराच्या मापाचं नसेल तर नावेत बसणंच सोडून द्या.

दुपारी कुरुंदवाडमार्गे खिद्रापूरला गेलो. कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपाचे ४८ खांब मोजण्यात पोरं इतकी रमली की नदीचा विषयच निघाला नाही. ऊन टळायच्या वेळेला हीच जागा बरी. वाडीची बासुंदी मात्र घाट सोडल्यावर, सगळी पोरं मोजून झाल्यावर.