मिडलटनचा रूळ आणि माझे साडेसोळा मिलिमीटर

लीड्स स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा माझ्या कोटाच्या खिशात एक इंजिन होतं. जुन्या पायमोज्यात गुंडाळलेलं, जेमतेम अर्ध्या वितीचं, सहा चाकांचं, काळं. मँचेस्टरला मुलीकडे गेलो होतो. तिथून गाडीनं पेनाइन डोंगर ओलांडला की तासाभरात लीड्स येतं. "बाबा, लीड्समध्ये बघायचंय काय नेमकं?" असं तिनं विचारलं. खिशातलं इंजिन जिथं जन्मलं ती गल्ली, एवढंच मला सांगता आलं.

मॉडेल रेल्वे जमवणाऱ्यांत बहुतेकांचा जीव हिरव्या किंवा निळ्या रंगाच्या मोठ्या एक्सप्रेस इंजिनांवर असतो. माझा पहिल्यापासून खाणीतल्या, कारखान्यांतल्या आणि बंदरांतल्या लहान इंजिनांवर. सुरुवातीला कारण जागेचं होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये पुस्तकांच्या कपाटावर चार फुटांची एक फळी मिळाली, आणि एवढ्या जागेत वळू शकतं ते शंटिंगचं, म्हणजे आवारातल्या आवारात डबे हलवणारं इंजिनच. मग लक्षात आलं, की खरी इंजिनंही अशाच अडचणीच्या जागांसाठी बांधलेली होती. कारखान्याच्या आवारातली वळणं तीव्र, म्हणून चाकं जवळजवळ. मागं टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याची वेगळी गाडी, ओढायला जागा नाही, म्हणून पाण्याची टाकी खोगिरासारखी बॉयलरवरच चढवलेली. त्या पाण्याचं वजनही चाकांवर पडतं, आणि ओल्या, तेलकट रुळावर पकड मिळते. या इंजिनांची नावं कुठल्या वेळापत्रकात नसत. कोळसा, लोखंड, दगड, कागद असं सगळं मात्र पहिल्यांदा यांनीच हलवलं.

स्टेशनपासून दक्षिणेला हन्स्लेट या भागाकडे चालत निघालो. हवा दमट होती आणि रस्त्यावर माणसं तुरळक. जॅक लेन नावाचा रस्ता लागला आणि मी उगाच हळू चालायला लागलो. याच परिसरात ई. बी. विल्सनचा रेल्वे फाउंड्री हा कारखाना 1858 मध्ये बंद पडला आणि त्याच्या मोडणीतून शेजारी शेजारी नवे कारखाने उभे राहिले. मॅनिंग वॉर्डल, हडसवेल क्लार्क, आणि 1864 मध्ये हन्स्लेट इंजिन कंपनी. किटसनचा कारखाना होताच. एका कारखान्यातला फिटर रागावून बाहेर पडला तर पायी पायी दुसऱ्यात नोकरी धरेल, इतकी जवळीक. आज तिथं गोदामं, वाहनांची आवारं आणि मधूनच एखादी जुन्या लाल विटांची इमारत. हन्स्लेटनं या रस्त्यावरचं शेवटचं वाफेचं इंजिन 1971 मध्ये बांधलं, इंडोनेशियातल्या साखर कारखान्यासाठी. 1995 मध्ये कारखानाच बंद झाला.

पायमोजा सोडून इंजिन बाहेर काढलं. हे 'ऑस्टेरिटी' जातीचं. दुसऱ्या महायुद्धात सरकारला पटकन बांधता येईल, मार खाईल आणि कुणीही चालवू शकेल असं शंटिंग इंजिन हवं होतं. हन्स्लेटनं आपल्याच एका जुन्या आराखड्यात काटछाट करून ते 1943 मध्ये तयार केलं. हन्स्लेट धरून सहा कारखान्यांनी मिळून 1947 पर्यंत 377 इंजिनं बांधली. त्या सहांतला एक व्हल्कन फाउंड्री, म्हणजे 1853 साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या गाडीची इंजिनं पाठवणारा! युद्ध संपल्यावर यातली 75 एका मोठ्या रेल्वे कंपनीनं घेतली, पुष्कळशी कोळशाच्या खाणींत गेली, आणि 1964 पर्यंत नवी बांधली जात राहिली. एकूण 485. कौतुक मला त्या काटछाटीचं वाटतं. शोभेची एक रेषा नाही, तरी टाकीच्या गोलाईमुळं ते देखणं दिसतं.

किटसनसाठी मी मुद्दाम वेळ ठेवला होता. मी बार्शीचा. आमच्या आजोबांनी पंढरीची वारी कित्येकदा 'बार्शी लाइट'नं केली, कुर्डुवाडीला गाडी बदलून. ती अडीच फुटी गेजची, म्हणजे दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली लाइन 1897 मध्ये सुरू झाली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरचं म्हणणं असं, की प्रत्येक आसावर सारखाच, 5 टनांचाच भार ठेवला तर हलक्या, स्वस्त रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो. त्यासाठीची पहिली पाच इंजिनं किटसननं बांधली. आठ चाकं ओढणारी, मागं चार चाकं आधाराची. बार्शीला पाठवण्याआधी लीड्सजवळच न्यूले इथं खास रूळ टाकून या गाड्यांची परीक्षा घेतली गेली. म्हणजे आमच्या गावची गाडी पहिल्यांदा हलली ती या शहराच्या हवेत. लहानपणी ती गाडी आम्हाला इतकी आपली वाटायची, की ती कुठून तरी आली असेल हा विचारच कधी मनात आला नव्हता. त्या रस्त्याच्या कडेला मी बराच वेळ उभा राहिलो. आजोबांना हे सांगता आलं असतं तर, असं फार वाटलं.

तिथून मिडलटन रेल्वेचं मूर रोड स्टेशन चालत जाण्याएवढंच. ही लाइन म्हणजे या विषयाचं मूळपीठ. खाणीतला कोळसा लीड्सला आणण्यासाठी 1758 मध्ये ब्रिटिश संसदेनं कायदा करून हिला मान्यता दिली. असा कायदा मिळालेली ही पहिली रेल्वे. सुरुवातीला घोडे वाघिणी ओढत. नेपोलियनशी लढाई सुरू झाली, घोडे आणि चारा दोन्ही महागले, तेव्हा खाणीचा व्यवस्थापक जॉन ब्लेंकिन्सॉप वाफेकडे वळला. अडचण रुळांची होती. ओतीव लोखंडाचे रूळ जड इंजिनाखाली तुटत, आणि हलकं इंजिन घसरेल अशी भीती. त्यानं रुळाच्या बाहेरच्या बाजूला दाते ओतून घेतले. होलबेकच्या मॅथ्यू मरेनं त्या दात्यांत अडकणारं 20 दात्यांचं चाक असलेलं, दोन सिलिंडरांचं इंजिन बांधलं. 1812 च्या ऑगस्टमध्ये 'सालामांका' कोळसा ओढू लागलं. धंदा म्हणून टिकलेलं जगातलं पहिलं वाफेचं इंजिन ते हेच, स्टीफन्सनच्या 'रॉकेट'च्या 17 वर्षं आधीचं. मरेचं नाव आपल्याकडच्या शाळेच्या पुस्तकात नव्हतं, ही चूक दुरुस्त व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं. पुढं 1835 च्या सुमारास इथं पुन्हा घोडेच आले, वाफ परतायला आणखी तीसेक वर्षं लागली.

त्या दिवशी गाडीला 'ब्रुक्स नंबर 1' जोडलं होतं, 1941 चं, हन्स्लेटचंच. ड्रायव्हर लांब चोचीची तेलाची झारी घेऊन चौकटीच्या आत डोकं घालून तेल सोडत होता. या इंजिनाचे सिलिंडर आतच असतात, बाहेर दिसतो फक्त चाकं जोडणारा दांडा. बोळ्यानं हात पुसत तो वळला. माझ्या हातातलं मॉडेल बघून त्यानं मला जवळ बोलावलं आणि म्हणाला, "ठेवा की इथंच, रुळावर." वाफेचा फुत्कार पायाशी येत होता. मी गुडघ्यावर बसून ते इवलंसं इंजिन खऱ्या रुळाच्या डोक्यावर ठेवलं. रुळाच्या रुंदीतच त्याची दोन्हीकडची चाकं मावली.

तिथं बसल्या बसल्या एक हिशेब मनात आला. आमचं 'डबल ओ' स्केल म्हणजे एका फुटाला 4 मिलिमीटर. त्या मापानं खऱ्या रुळांतलं 1435 मिलिमीटर अंतर मॉडेलमध्ये 18.83 व्हायला हवं. प्रत्यक्षात आमचे रूळ साडेसोळाचे. ब्रिटिश इंजिनं अंगानं लहान, युरोपच्या लहान स्केलच्या आकारात तेव्हाच्या मोटरी बसेनात, म्हणून शरीर मोठं केलं आणि रूळ मात्र तेच ठेवले. ही चूक शंभर वर्षं संग्राहकांना सलते आहे. मलाही सलायची. पण साडेसोळा मिलिमीटर परत मोठे केले तर होतात 4 फूट दीड इंच. आणि मिडलटनचा मूळचा गेज, 'सालामांका' ज्यावर धावलं तो, होता 4 फूट 1 इंच! 1881 मध्ये तो बदलून नेहमीचा केला. म्हणजे माझ्या कपाटावरचा रूळ चुकीचा असेल, पण फक्त अर्ध्या इंचाच्या फरकानं तो मरे आणि ब्लेंकिन्सॉपचा आहे. ड्रायव्हरला हे सांगितलं. त्यानं बोटांवर मोजून पाहिलं आणि फायरमनला हाक मारली.

प्रवास मैलभराचाच. मोटरवेच्या खालून बोगद्यात शिरताना धूर डब्यात येतो, पुढं झाडी, आणि पार्कपाशी गाडी थांबते. इंजिन डब्यांच्या दुसऱ्या टोकाला जोडून परत. गाडीवर सगळे स्वयंसेवक. 1960 च्या जूनमध्ये लीड्स विद्यापीठातल्या लोकांनी बंद पडणारी ही लाइन चालवायला घेतली, आणि नेहमीच्या गेजवर स्वयंसेवकांनी चालवलेली ही पहिलीच रेल्वे. तेव्हा ओढायला होतं हन्स्लेटचं 1932 चं डिझेल इंजिन, मागं समुद्रकाठच्या ट्रामचा एक दुमजली डबा. नुसती हौस म्हणून नाही, आसपासच्या कारखान्यांचा मालही त्यांनी 1983 पर्यंत वाहिला. इथं येऊन उभं राहिलं की कळतं, इंजिन जपणं म्हणजे ते काचेत ठेवणं नव्हे. त्याला काम द्यावं लागतं.

परतीच्या गाडीत मी तिकिटाच्या मागं आकडे मांडत होतो. बार्शीचा अडीच फुटी गेज म्हणजे 762 मिलिमीटर. डबल ओच्या मापात बरोबर 10 मिलिमीटर, पण त्या रुंदीचे तयार रूळ मिळणं कठीण. युरोपातल्या त्या लहान, 1:87 स्केलमध्ये पावणेनऊ, आणि 9 मिलिमीटरचे रूळ कुठंही मिळतात. तर 1:87. किटसनचं ते इंजिन कुणी तयार मॉडेल म्हणून काढेल याची मी वाट बघणार नाही. पुण्याला पोचल्यावर बोहरी आळीतून पितळी पत्रा आणायचा. ओढणारी आठ चाकं, मागं चार. आधी चाकं.