मामाच्या लायब्ररीतल्या कॅसेट संगणकात घेताना

सोलापुरात साखर पेठेत माझ्या मामाची व्हिडिओ लायब्ररी होती. घरोघर केबल आली, मग सीडी आल्या आणि लायब्ररी बंद झाली. उरलेल्या कॅसेट पत्र्याच्या ट्रंकांत भरून माळ्यावर गेल्या. मामीनं घर रंगवायला काढलं तेव्हा त्या ट्रंका माझ्याकडे आल्या, कारण आमच्या घराण्यात भुताचे आणि मारधाडीचे पिक्चर जीव लावून बघणारा मी एकटा. ट्रंकांत निघालाही बहुतेक तोच माल. लायब्ररी मोडताना कौटुंबिक पिक्चर गिऱ्हाइकांनी विकत नेले. भुताची कॅसेट एका रात्रीपुरती सगळ्यांना हवी असायची, घरात कायमची ठेवायला कुणी तयार नसायचं.

त्या कॅसेट संगणकात घेण्यात बरेच महिने गेले. कसं केलं ते सांगतोच. पण या कामात एकेक पिक्चर कॅसेटवर, सीडीवर, डीव्हीडीवर आणि मिळेल तिथे ब्लू-रेवर लागोपाठ बघितला, आणि त्यातून माझं एक मत पक्कं झालं: भुताचा पिक्चर कॅसेटवर तग धरतो, मारधाडीचा अर्धा मरतो.

आधी व्हीसीआर, म्हणजे कॅसेट चालवणारं मशीन. नवा मिळण्याचा प्रश्नच नाही. शेवटपर्यंत ही मशीन बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. ओळखीच्या एका घरातून बंद पडलेला एक मिळाला, तो घेऊन कन्ना चौकाकडच्या अण्णांकडे गेलो. मामाच्या लायब्ररीची मशीन तेच बघायचे. त्यांनी वरचं झाकण काढलं आणि माझ्याकडे बघितलं.

"काय करलालास बे हे घेऊन? बेल्टचं डांबर झालंय बघ."

खरंच झालं होतं. रबर वितळून काळा चिकटा पुलीला बसला होता. पिंच रोलर, म्हणजे टेपला दाबून पुढं ओढणारं रबराचं चाक, कडक आणि गुळगुळीत झालेलं. अण्णांनी पुली पुसून साफ केल्या, मापाचा बेल्ट बसवला, दुसऱ्या भंगार मशीनमधला रोलर काढून लावला. मग मला शेजारी बसवून ड्रम दाखवला. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत हा तिरका बसवलेला ड्रम मिनिटाला १५०० फेऱ्या घेतो. म्हणजे सेकंदाला पंचवीस. त्याच्या कडेला समोरासमोर दोन हेड असतात, आणि प्रत्येक हेड टेपवरच्या एका तिरक्या पट्ट्यातून अर्धं चित्र वाचतं, एक सोडून एक ओळी. सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रं. हे समजल्यावर ट्रॅकिंग बिघडलं की पडद्यावर पांढरे पट्टे का येतात ते उलगडलं: हेड त्या पट्ट्यावरून घसरून शेजारच्या पट्ट्यावर जातं.

हेड साफ करायचं तर कापसाची काडी अजिबात वापरायची नाही, धागे अडकतात. मऊ चामड्याची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवून ड्रमला आडवी टेकवून स्थिर धरायची आणि ड्रम हातानं सावकाश फिरवायचा. काडी खाली-वर केली तर हेड तुटतं, आणि तसं हेड आता मिळत नाही. सोलापुरात बुरशीपेक्षा धूळ जास्त, त्यात पूर्व भागातल्या घरांत मागावरच्या कापसाची बारीक धूळ. ती टेपबरोबर आत जाते आणि हेडवर थर बसतो. म्हणून दर कॅसेटनंतर साफसफाई. मात्र ज्या ट्रंकेवर पावसाळ्यात माळ्याचं पाणी गळलं होतं तिच्यातल्या कॅसेटच्या खिडकीतून रिळावर पांढरी बुरशी दिसत होती. त्या चांगल्या मशीनमध्ये घालायच्याच नाहीत, बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. तोंडाला मास्क लावून, गच्चीवर, भंगारातल्या मशीनवर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडातून टेप हळूहळू गुंडाळून घेतली. काही वाचल्या, काही नाही वाचल्या.

संगणकात घेण्याचं काम दुकानात देता येतं. पुण्यात एका ठिकाणी एक कॅसेट देऊन बघितली. परत आलेल्या फाइलमध्ये अंधाराचा प्रत्येक प्रसंग चौकोनी ठिपक्यांनी भरलेला होता, कारण त्यांनी घेतानाच चित्र दाबून लहान केलं होतं. भुताच्या पिक्चरमध्ये अंधारच गेला तर मागे काय उरतं? तेव्हा हे घरीच करायचं ठरवलं. व्हीसीआरमधून सिग्नल थेट कॅप्चर कार्डात, म्हणजे टेपचं चित्र संगणकात उतरवणाऱ्या कार्डात घेतला तर जुन्या टेपचं चित्र थरथरतं, मधल्या चौकटी गळतात, आवाज ओठांच्या मागे पडतो. ओळींची वेळ सरळ करणारं यंत्र वेगळं मिळतं, पण महाग. काही जुन्या डीव्हीडी रेकॉर्डरमधून सिग्नल नुसता फिरवून घेतला तरी बरंचसं काम होतं, आणि तसा एक मित्राकडे पडून होता. तिथून कॅप्चर कार्ड, ७२० बाय ५७६, चित्रातलं काहीही न गमावता. तासाला तीस जीबीच्या आसपास जागा जाते. हार्ड डिस्क घ्यावी लागली. त्याचं वाईट वाटलं नाही.

पहिली घेतली ती 'पुराना मंदिर'. १९८४ चा, तुलसी आणि श्याम रामसे यांचा. सामरी या सैतानाचं काम करणाऱ्या अनिरुद्ध अगरवालांचा तो उंचच उंच देह आणि तो चेहरा. रामसेंच्या लाल आणि निळ्या प्रकाशाचं कॅसेटवर काय होतं ते बघण्यासारखं आहे. व्हीएचएसवर, म्हणजे या कॅसेटच्या पद्धतीत, चित्राचा तपशील आडवा मोजला तर जेमतेम २४० रेघांचा, आणि रंगाचा तपशील त्याहूनही कितीतरी कमी. त्यामुळे लाल रंग आपल्या कडेत राहत नाही, बाहेर सांडतो. काळोखात दाणे वळवळतात. त्या वळवळीत काहीतरी हललं असं वाटतं आणि डोळा तिथे खिळतो. दिग्दर्शकानं जे दाखवलं नाही तेही कॅसेटवर दिसतं. पुढे २०२३ मध्ये मोन्डो मकाब्रो या परदेशी कंपनीनं रामसेंचे सहा पिक्चर ब्लू-रेवर आणले, तो संच एका मित्राकडून आणून बघितला. तिथं मुखवट्याची कड दिसते. पण त्याचबरोबर सेटवरचं कोरीव काम, धुरातून येणारा प्रकाश, दिव्यांची मांडणी हेही पहिल्यांदा नीट दिसलं आणि या माणसांनी किती मन लावून काम केलं होतं ते कळलं. त्यांना स्वस्तातले पिक्चर म्हणून हसणाऱ्यांनी ती ब्लू-रे बघावी. भीती मात्र मला कॅसेटवरच जास्त वाटली.

'ईव्हिल डेड'ची गोष्ट याहून वेगळी. १९८१ चा हा पिक्चर १६ मिलिमीटरच्या फिल्मवर काढलेला, त्याची चौकट मुळातच जुन्या टीव्हीच्या आकाराच्या जवळची. म्हणजे आपण कॅसेटवर बघितला तो जवळजवळ पूर्ण पिक्चर होता, काही कापलं गेलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये ज्या भयपटांच्या कॅसेटवरून गदारोळ झाला आणि १९८४ साली व्हिडिओसाठी वेगळा कायदा आला, त्यांत हाही होता. मामाच्या प्रतीवर खाली केबलवाल्याच्या जाहिरातीसारखी सरकती पट्टी आहे, तरी जंगलातून धावत येणारा तो कॅमेरा तसाच अंगावर येतो.

'झपाटलेला' टीव्हीवरून टेप केलेला निघाला, मधल्या जाहिरातींसकट. महेश कोठारेंचा १९९३ चा. रामदास पाध्येंच्या हातातला तात्या विंचू कॅसेटवर फार जिवंत वाटतो, कारण बाहुलीच्या जबड्याची फट आणि दोऱ्या या सगळ्यावर व्हीएचएसचा पडदा पडतो. माझ्या पुतणीला तो मोबाइलवर दाखवला तेव्हा ती नुसती बघत होती. टीव्हीवर कॅसेट लावली तर माझ्या मांडीवर येऊन बसली.

आता मारधाड. इथं मन दुखतं. १९८८ चा 'डाय हार्ड' ज्या रुंद चौकटीत काढला तिचं प्रमाण २.३५ ला १, आणि जुना टीव्ही १.३३ ला १. टीव्ही भरून चित्र दाखवायचं तर रुंदीतला शंभरातला त्रेचाळीस भाग बाहेर फेकावा लागतो. या पिक्चरची सगळी गंमत जागेत आहे: कोण कुठल्या मजल्यावर, दार कुठे, काच कुठे, बंदूकवाला किती लांब. कॅसेटवर एक माणूस बोलतो, दुसऱ्याचं नाक दिसतं, आणि गोळी कुठून आली ते कळतच नाही. लहानपणी तो मला गोंधळाचा वाटला होता. डीव्हीडीवर पूर्ण चौकट बघितल्यावर कळलं की इतकी स्वच्छ मांडलेली मारधाड फार थोडी आहे.

याला एक अपवाद सापडला, आणि तो आमच्या पूर्व भागानं दिला. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली विणकर गिऱ्हाइकांसाठी मामा हैदराबादहून तेलुगू कॅसेट आणायचा. त्यात राम गोपाल वर्मांचा १९८९ चा 'शिवा' होता. नागार्जुन सायकलची साखळी उपसतो तो प्रसंग. टेप झिजलेली, आवाज एकाच कडेच्या पट्टीवर मोनो, तरी त्या क्षणाला काही होत नाही. कारण तिथं मारधाडीच्या आधीची शांतता आणि साखळीचा आवाज काम करतो, रुंदी नाही. ही मारधाड भुताच्या पिक्चरसारखी रचलेली आहे, म्हणून ती टेपवर टिकली असं मला वाटतं.

सीडीबद्दल मात्र माझं मत कडवट आहे. व्हीसीडीवर, म्हणजे पिक्चरच्या सीडीवर, चित्र ३५२ बाय २८८, आणि सेकंदाला ११५० किलोबिट एवढ्यात सगळं बसवायचं. कुणी पळायला लागलं की चित्राचे चौकोन होतात, अंधार झाला की काळ्या रंगाच्या पायऱ्या दिसतात. म्हणजे भूत आणि मारधाड दोघांचाही घात. एका सीडीत ७४ मिनिटं मावत, त्यामुळे ऐन पाठलागात उठून दुसरी घालायची. २००७ च्या सुमारास मोझर बेअर कंपनीनं २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकायला काढली तेव्हा सहा रुपये वाचवून व्हीसीडी घेणारे पाहून मी अक्षरशः दुकानात वाद घातलेत.

एक गोष्ट घेताना कानानं पकडली. पिक्चर थिएटरात सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, आपला पाल टीव्ही २५ नं. बऱ्याच कॅसेटवर पिक्चर तसाच थोडा पळवलेला असतो. अडीच तासांचा पिक्चर १४४ मिनिटांत संपतो आणि गाणी, आवाज जरा वरच्या पट्टीत जातात. संगणकावर परत २४ ला आणलं की खलनायकाचा आवाज खाली उतरतो. भुताच्या पिक्चरमध्ये एवढ्याशा फरकानंही दाराची करकर लांबते.

काय ठेवायचं आणि काय सोडायचं, याचा निकाल मी 'शोले'वरून लावला. १९७५ साली आणीबाणीत सेन्सॉरनं शेवट बदलायला लावला. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट तेव्हा थिएटरात आलाच नाही. पुढे कितीतरी वर्षं तो व्हिडिओवरच बघायला मिळायचा. २०२५ मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशननं नीट केलेली, मूळ शेवटाची प्रत इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. म्हणजे ज्या वाईट प्रिंटला आपण नावं ठेवली तिनं तो शेवट लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवला होता. म्हणून जे पिक्चर डिस्कवर पूर्ण चौकटीत मिळतात ते मी कॅसेटवरून घेतले नाहीत. ज्यांचं डबिंग वेगळं आहे, प्रसंग वेगळे आहेत, किंवा जे कुठेच मिळत नाहीत, ते सगळे घेतले. घेऊन झालेल्या कॅसेटही टाकल्या नाहीत. उभ्या ठेवल्यात, पूर्ण मागे गुंडाळून, भिंतीपासून आणि उन्हापासून लांब. इथल्या मे महिन्यात पत्र्याखाली कॅसेट ठेवू नका, टेप आणि वरचं प्लास्टिक दोन्ही वाकडं होतं.

एक राहिली आहे. आतेभावानं अमेरिकेतून आणलेली, जॅकी चॅनचा १९८५ चा 'पोलीस स्टोरी'. मॉलमधल्या दिव्यांच्या खांबावरून तो खाली घसरतो ते लागोपाठ तीन कोनांतून दाखवलंय आणि त्यात त्याचे हात खरोखर भाजले होते. कॅसेट एनटीएससी या अमेरिकेतल्या टीव्ही पद्धतीची आहे, ५२५ ओळींची. अण्णांच्या पाल मशीनवर चित्र काळं-पांढरं होऊन वर सरकत राहतं. पण वर आणि खाली काळ्या पट्ट्या आहेत, म्हणजे चौकट पूर्ण ठेवलेली आहे, एवढं त्या सरकत्या चित्रातही कळतं. दोन्ही पद्धती चालवणारं मशीन विजापूर रोडला एकाकडे आहे. विकत नाही म्हणतो, दिवाळीनंतर आठवडाभर वापरायला देतो म्हणालाय.