न वाजलेली शेंग: ठिपकेवाल्या पतंगाच्या यंदाच्या नोंदी

दसऱ्यानंतरच्या रविवारी नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला एका बांधावरचा खुळखुळा बघत होतो. वाळलेली शेंग हलवली की आत बिया वाजतात, झाडाचं नावच त्यावरून पडलंय. एक शेंग मात्र वाजली नाही. डोळ्यांजवळ धरली, तर कडेला बाजरीच्या दाण्याएवढं भोक, आत बियांचा भुगा आणि विष्ठा. त्याच फांदीवर हिरव्या शेंगेत अळी मिळाली. डोकं आत खुपसलेलं, मागचं अर्धं अंग बाहेर. काळ्या अंगावर पांढरे पट्टे, नारिंगी ठिपके, विरळ केस.

हा युटेथिसा. पांढरट पंखांवर लाल-काळे ठिपके असलेला, भर दिवसाही गवतातून उडणारा पतंग. त्यातल्या पुल्केला आणि लोट्रिक्स या दोन जाती दिसायला फार जवळच्या, म्हणून बरणीवर फक्त वंशाचं नाव लिहिलंय.

पाच अळ्या घरी आणल्या. (अंजनेरीच्या राखीव क्षेत्रातून काहीही उचलायचं नाही, हा माझा नियम. बांधावरचं तण पुरेसं आहे.) गेल्या वर्षी घट्ट झाकणाच्या डब्यात पाला घामेजून बुरशी आली आणि सातपैकी पाच अळ्या गेल्या. अजून हळहळ वाटते. यंदा काचेची बरणी, तोंडाला मलमल, तळाला टिपकागद, रोज सकाळी सफाई.

खुराकही बदलला. पाल्यासोबत अर्धकच्च्या शेंगा दिल्या. खुळखुळ्यात, विशेषतः बियांत, पायरोलिझिडीन अल्कलॉइड नावाची विषारी द्रव्यं असतात. आपल्या यकृताला ती घातक, म्हणून शेंगा हाताळल्यावर हात धुवा. अळी मात्र ती अंगात साठवते आणि कोषातून पतंगापर्यंत नेते. याच्या अमेरिकन भावंडावर, ऑर्नेट्रिक्सवर, कॉर्नेल विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ थॉमस आयस्नर यांनी काम केलं. या विषामुळे जाळ्यात अडकलेला पतंग कोळी स्वतः धागे तोडून सोडून देतो! मीलनात नर आपल्याकडचं विष मादीला देतो, आणि ती ते अंड्यांत उतरवते. केवढी ही शिदोरी!

पाचपैकी चार अळ्यांनी सुक्या पानांत विरळ रेशमात कोष केले. पहिला पतंग सकाळी माझ्यासमोर निघाला. पंख भिजल्या कागदासारखे चुरगळलेले. चहा होईपर्यंत एकेक लाल ठिपका उलगडत गेला. तिघांना त्याच बांधावर सोडलं.

चौथा कोष अजून बंद आहे. आता थंडी पडू लागलीय, बरणी स्वयंपाकघरात आणलीय. तुमच्याकडे कुणी बियाण्यासाठी ताग (हाही खुळखुळ्याच्याच वंशातला) ठेवला असेल, तर शेंगा हलवून बघा. न वाजणारी मिळाली तर तारीख आणि गाव जरूर कळवा.