संदर्भातले पुस्तक नेमके कोणते?

मराठी विकिपीडियावरील एका लेखातला संदर्भ पडताळण्यासाठी मी गेल्या आठवड्यात पुस्तक उघडले, तेव्हा सांगितलेल्या पृष्ठावर तो मजकूर नव्हता; तो अकरा पाने पुढे सापडला, कारण संदर्भ देणाऱ्याने पहिली आवृत्ती वापरली होती आणि माझ्या हातात दुसरी, सुधारित आवृत्ती होती. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची नेमकी आवृत्ती ओळखता येणारा आंतरराष्ट्रीय प्रमाणित क्रमांक, दिला असता तर हा घोळ टळला असता. सुधारित आवृत्तीला, तसेच कापडी आणि कागदी बांधणीला, स्वतंत्र क्रमांक मिळतो. केवळ पुनर्मुद्रणाला मात्र जुनाच क्रमांक चालतो.

२००७ पासून हा क्रमांक १३ अंकी झाला. त्याआधीच्या १० अंकी क्रमांकाच्या शेवटी एक्स हे अक्षर दिसले, तर ते १० या संख्येसाठी असते, म्हणून ते गाळू नये. शेवटचा अंक आधीच्या अंकांच्या बेरजेवरून काढलेला, तपासणीचा असल्याने बहुतेक चुका लगेच पकडल्या जातात, पण सगळ्या नव्हे. १३ अंकी क्रमांकात शेजारचे १ आणि ६ उलटे लिहिले गेले, तरी बेरीज तपासणीत बरोबरच येते. म्हणून क्रमांक टंकित केल्यावर तो पुस्तकाशी अंकागणिक ताडून पाहावा, असा माझा आग्रह आहे.

आपली कितीतरी मोलाची मराठी पुस्तके ही पद्धत येण्याआधीची आहेत. त्यांच्या संदर्भात प्रकाशक, वर्ष आणि आवृत्ती काळजीपूर्वक नोंदवावी. रकाना रिकामा दिसतो म्हणून अलीकडच्या आवृत्तीचा क्रमांक जुन्या प्रतीला कधीही जोडू नये.