कप आणि बशी

आज आबा स्टुडिओत आले आणि उभेच राहिले. भिंतीकडे बोट करून म्हणाले, "लेकरा, तेवढा फोटो उतरव तिथनं."

मला वाटलं काच तडकली असेल.

"काच न्हाई गं. लोकं इचारतेत."

फोटो ३१ ऑक्टोबर २०२३चा. आदल्या दिवशी मराठा आरक्षणाच्या आंदोलनात आधी माजलगाव, मग बीड पेटलं होतं. संचारबंदी, नेट बंद, एसटी आगारात उभ्या. जळालेल्या घरांचे, गाड्यांचे फोटो काढणारे खूप होते. मी आमच्या गल्लीतून बाहेरच पडले नाही. पदराखाली दुधाची बरणी घेऊन भिंतीच्या कडेकडेनं चाललेली मावशी. दिवाळी बारा दिवसांवर, म्हणून टांगलेला आणि कुणी न लावलेला आकाशकंदील. आणि नानांच्या दुकानाचं अर्धं वर केलेलं शटर.

आत दोघं पोत्यांवर बसलेले. दूध तेवढंच होतं, म्हणून एका चहात दोघं. आबांच्या हातात कप, नानांच्या हातात बशी. उजेड फक्त खालून, शटरच्या फटीतून येत होता. मी गुडघे टेकून, श्वास धरून काढला. बशीची कड, त्यावर नानांचा अंगठा, नखापर्यंत चहात बुडालेला. दुसरा हात आबांच्या गुडघ्यावर. आबा हसतायत. फोटो भिंतीवर लावला तेव्हाही हसले होते, घरच्यांना बोलावून दाखवला होता.

पुढचं काय लिहायचं. २०२४ची निवडणूक झाली आणि कोण कुणाच्या दुकानातून किराणा भरतो याच्यावरही डोळे लागले. २०२५मध्ये बीडच्या पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनावं काढली, नुसती नावं ठेवली. माणसांच्या तोंडातून मात्र ते जात नाही. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी आडनाव, मग पासपोर्ट फोटो.

मी फोटो उतरवला. वाद घातला नाही. पण लागलं, फार लागलं. आबा रागावले असते तर मी भांडले असते. त्यांनी हात जोडले. माझ्यासमोर, ज्यांनी मला कडेवर घेऊन पोळा दाखवला त्यांनी. दुपारभर काउंटरवर नुसती बसून होते. वाटत होतं, शेकडो लग्नं काढली, त्यातला एक फोटो मनासारखा आला आणि तोच भिंतीवर राहू देत नाहीत. कशासाठी करायचं हे सगळं?

बाबांचं रजिस्टर काढलं. १९७८. जुलैच्या २७ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, आणि पुढं काय काय जळलं ते मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. ऑगस्टची पानं कोरी आहेत. एकदा विचारलं होतं, तुमच्याकडे कॅमेरा होता ना? म्हणाले, रोल नव्हता. जुलैच्या शेवटच्या पानावर त्यांच्याच अक्षरात सहा रोल घेतल्याची नोंद आहे.

असो. बाबांचं आता कुणाला विचारणार.

आबांना याच गल्लीत राहायचंय. नातवाची सोयरीक बघायचीय. भिंत माझी आहे, पण तोंड त्यांचं आहे, आणि उत्तरं त्यांना द्यावी लागतात. हे संध्याकाळी दिवा लावताना पटलं. पटलं म्हणजे दुखायचं थांबलं असं नाही. मूळ फोटो मी पुसणार नाही, आणि तसं ते म्हणालेही नाहीत.

म्हणाले ते वेगळंच. पायरी उतरता उतरता वळले. "माझा एकट्याचा काढून देशील का त्यातनं? लई झ्याक आलोय."

रात्री कॉम्प्युटरवर बसले. चेहऱ्यापुरता कापला तर कप जातो, आणि ते हसू कपाशिवाय कळत नाही. कप ठेवला की बशीची कड येते. बशी काढली की गुडघ्यावरची ती चार बोटं राहतात, कुणाची ते न कळणारी. ती पुसता येतात, लग्नाच्या अल्बमात मी रोज असलं काहीतरी पुसते. माऊस तिथं नेला आणि परत आणला.

आबा सोमवारी येतो म्हणालेत. नानांचं दुकान समोरच आहे. आज त्यांनी दोनदा माझ्या भिंतीकडे पाहिलं, विचारलं काहीच नाही.