उपस्थितीच्या आकड्यापलीकडे

कर्करोगाविषयी जनजागृती आणि तपासणी करणाऱ्या सामुदायिक उपक्रमाचा अहवाल हाती आला की मी आधी छेद शोधते, म्हणजे ‘एकूण कितींपैकी किती’ हे पाहते. शिबिराला पाचशे जण आले, एवढ्याने काहीच कळत नाही. तपासणीस पात्र असलेले एकूण किती होते, आलेल्यांपैकी आयुष्यात प्रथमच तपासणी करून घेणारे किती होते आणि न आलेले कोण होते, हे सांगितले तरच त्या पाचशेंना अर्थ येतो. बोलावताच येणारे बहुधा आधीपासूनच आरोग्याबाबत जागरूक असतात. ज्यांना धोका अधिक, ते पुष्कळदा यादीत सापडतच नाहीत. ग्लासगो हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये मांडलेली ‘री-एम’ (RE-AIM) ही आरोग्य-उपक्रमांच्या मूल्यमापनाची चौकट परिणामकारकतेच्याही आधी ‘पोहोच’ विचारात घेते, आणि तो क्रम मला अतिशय योग्य वाटतो.

व्याख्यानाच्या आधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घेऊन ज्ञान वाढल्याचे दाखवणे सोपे असते. सहा महिन्यांनी त्यातले किती टिकले आणि त्यामुळे कोणी तंबाखू सोडली का, हे पाहायला मात्र पुन्हा दारोदार जावे लागते, आणि अंदाजपत्रकात त्यासाठी पैसे ठेवलेले नसतात.

माझ्या मते खरी कसोटी तपासणीत दोष आढळल्यानंतर लागते. जागतिक आरोग्य संघटनेने गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी २०३० पर्यंतची तीन उद्दिष्टे ठरवली आहेत: पंधराव्या वर्षापर्यंत ९० टक्के मुलींचे लसीकरण, ३५ आणि ४५ या वयांपर्यंत ७० टक्के स्त्रियांची तपासणी आणि आजार आढळलेल्यांपैकी ९० टक्के जणींवर उपचार. यातील तिसरा आकडा अहवालात नसेल, तर पहिल्या दोघांचे कौतुक मला करवत नाही. तोंडात कर्करोगाची शंका यावी असा पांढरा चट्टा आढळलेल्या माणसाला चिठ्ठी देऊन पाठवले, पण तो रुग्णालयात पोहोचला का, त्याची बायॉप्सी झाली का, उपचार सुरू व्हायला किती दिवस गेले, हे कोणी नोंदवले नसेल, तर आपण त्याच्या हाती केवळ भीती दिलेली असते.

अधिक रुग्ण सापडले म्हणजे उपक्रम यशस्वी झाला, असेही नव्हे. दक्षिण कोरियात थायरॉइडची सोनोग्राफी सर्रास होऊ लागल्यावर १९९३ ते २०११ या काळात त्या कर्करोगाच्या निदानांचे प्रमाण सुमारे पंधरा पटींनी वाढले, मृत्यूचे प्रमाण मात्र जवळजवळ तेवढेच राहिले. निदान लवकर झाले की मृत्यूची तारीख न बदलताही ‘निदानानंतरचे आयुष्य’ कागदावर वाढते, म्हणून त्या एका मोजमापावर विसंबणे धोक्याचे आहे. लहान उपक्रमाला मृत्युदरातील फरक दाखवता येणार नाही, आणि त्याच्याकडून तशी अपेक्षाही करू नये. रोग कोणत्या टप्प्यावर सापडला आणि पुढील तपासण्या पूर्ण झाल्या का, एवढे त्याने प्रामाणिकपणे सांगावे. सर्व वस्त्यांत एकाच वेळी काम सुरू करणे शक्य नसते. तेव्हा कोणत्या वस्तीची पाळी आधी, हे चिठ्ठ्या टाकून ठरवले, तर मागून येणाऱ्या वस्त्यांशी तुलना करता येते आणि कोणालाही वंचित ठेवावे लागत नाही.

पुढील तपासणीला न गेलेल्या काही स्त्रियांशी एकदा आम्ही सविस्तर बोललो. प्रश्नावलीत त्यांनी ‘वेळ नाही’ या पर्यायावर खूण केली होती. बोलताना कळले की निकाल त्यांना शेजारणींच्या देखत सांगितला गेला होता.